पुरुषांनाही होतं यीस्ट इन्फेक्शन, लाजत बसू नका
शिश्नाच्या पुढच्या कातडीखाली लाली, खाज, दह्यासारखा पांढरा थर असं असेल तर ते बहुतेक कॅन्डिडा बुरशीचं इन्फेक्शन असतं, मेडिकलमधून कुठलीही खाजेची ट्यूब आणून चोळू नका, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि मग बुरशी अजून पसरते. डॉक्टर साधारण क्लोट्रिमाझोल 1% क्रीम 7 ते 14 दिवस देतात, खाज थांबली तरी कोर्स पूर्ण करा. साबण, अँटिसेप्टिक अजिबात नको, नुसत्या कोमट पाण्याने धुवून नीट कोरडं करायचं. परत परत होत असेल तर शुगर तपासाच हो, काहींना डायबेटिस असाच कळतो! डापाग्लिफ्लोझिनसारख्या शुगरच्या गोळ्यांनीही हे होतं, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. बायकोलाही त्रास असेल तर तिलाही दाखवा.