अभिनेत्रीची कारकीर्दसूची कशी तयार करावी : दुर्गा खोटे यांच्या नोंदींच्या आधारे

रंगभूमी आणि पडदा या दोन्हींवर काम केलेल्या अभिनेत्रीची सूची करताना बहुतेक जण चित्रपटांपासून सुरुवात करतात आणि नाटकांसाठी शेवटी अर्धे पान ठेवतात. क्रम उलटा ठेवा. चित्रपटाची प्रत, गाण्यांची पुस्तिका, पोस्टर, सेन्सॉरचे प्रमाणपत्र यांपैकी काहीतरी कुठेतरी उरते. नाटकाच्या प्रयोगाची मात्र हस्तपत्रिका आणि वर्तमानपत्रातली बोटभर जाहिरात एवढीच खूण मागे राहते. ते प्रयोग पाहिलेली माणसेही वयस्क झालेली असतात. म्हणून नाटके आधी.

नावांचे पान

कोणतीही नोंद करण्याआधी एका कागदावर अभिनेत्रीची सगळी नावे लिहून काढा : माहेरचे, सासरचे, घरातले, पडद्यावरचे. प्रत्येक नाव कधीपासून कधीपर्यंत छापले गेले तेही लिहा. दुर्गा खोटे (१९०५–१९९१) माहेरच्या लाड. हंसा वाडकर माहेरच्या रतन साळगावकर, मीनाक्षी शिरोडकर माहेरच्या रतन पेडणेकर. ज्योत्स्ना भोळे यांचे माहेरचे नाव दुर्गा केळेकर. म्हणजे जुन्या कागदावर नुसते ‘दुर्गा’ किंवा ‘रतन’ दिसले, तर ते कोणाचे हे आडनावाशिवाय ठरवता येत नाही. सर्वांत जास्त घोळ ‘सुलोचना’ या नावाचा होतो. मूकपटाच्या काळातल्या रुबी मायर्स, सुलोचना लाटकर आणि लावणीगायिका सुलोचना चव्हाण या तिघींच्या नोंदी सर्रास एकमेकींत मिसळलेल्या सापडतात. नुसते नाव जुळले म्हणून नोंद चढवू नका. संस्था, सहकलाकार, गाव यांपैकी आणखी एक गोष्ट तरी जुळलीच पाहिजे.

हस्तपत्रिकेचे वर्ष शोधणे

हस्तपत्रिकेवर वार आणि तारीख असते, वर्ष नसते. छापणाऱ्याला त्याची गरजच नव्हती, प्रयोग चार दिवसांवर आलेला असायचा. वर्ष वारावरून काढा. तीच तारीख त्याच वारी ५, ६ किंवा ११ वर्षांनी येते, त्यामुळे शक्य वर्षे फार थोडी उरतात. उदाहरणार्थ, ‘शनिवार, ता. ६ फेब्रुवारी’ हा दिवस १९३२, १९३७, १९४३ आणि १९५४ या वर्षांत येतो. मग नाट्यगृह तेव्हा उभे होते का, बरोबरचा नट त्या संस्थेत होता का, तिकिटाचे दर आण्यात आहेत की नव्या पैशांत (ते १९५७ पासून), हे पाहून एकच वर्ष उरते का ते ठरवा. दोन उरली तर दोन्ही लिहा.

शके दिलेले असेल तर ७८ मिळवा. पण जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंतच्या प्रयोगाला ७९ मिळवावे लागतात. ही चूक फार जुनी आहे. एका वर्षाने सरकलेल्या माघ-फाल्गुनातल्या नोंदी अजूनही एका सूचीतून दुसऱ्या सूचीत उतरत आहेत.

नाटकाच्या नोंदीत नाटक आणि निर्मिती वेगळी ठेवा. वि. वा. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ हे ‘मॅकबेथ’चे रूपांतर. १९५४ मध्ये मुंबई मराठी साहित्य संघाने ते हर्बर्ट मार्शल यांच्या दिग्दर्शनाखाली केले तेव्हा दुर्गाबाई आणि नानासाहेब फाटक प्रमुख भूमिकांत होते. अशी नोंद नाटक, संस्था, दिग्दर्शक, वर्ष या चार गोष्टींनी पुरी होते. नुसते ‘राजमुकुट’ लिहिले तर ते नंतर दुसऱ्या कोणी केलेल्या प्रयोगाच्या खात्यातही जाऊ शकते. जुन्या गाजलेल्या नाटकांच्या बाबतीत, विशेषतः खाडिलकरांच्या, हा धोका मोठा, कारण एकच भूमिका पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या नटींनी (आणि त्याआधी पुरुषांनी) केलेली असते.

जाहिरात म्हणजे प्रयोग झाल्याचा पुरावा नव्हे. नंतरच्या दोन-तीन दिवसांचे अंक उलटून प्रयोग रद्द झाला का, भूमिका बदली कलाकाराने केली का, हे बघा. प्रयोगसंख्याही अंदाजाने भरू नका. ‘५० वा प्रयोग’ अशी जाहिरात सापडली तर त्या तारखेपुढे ५० लिहा आणि मधली जागा कोरी ठेवा.

चित्रपट : एक की दोन?

दुर्गाबाईंनी २०० चित्रपट केले, असा आकडा नेहमी वाचायला मिळतो. त्यात दुभाषी (मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढलेले) चित्रपट एकदा मोजले की दोनदा, हे सांगितलेले नसते. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘अयोध्या का राजा’, ‘पायाची दासी’ (१९४१) आणि ‘चरणों की दासी’ : प्रत्येक भाषेसाठी वेगळे चित्रण झाले, म्हणून नोंदी दोन हव्यात. पण दोन्ही नोंदींना एकच जोडक्रमांक द्या, उदा. ‘४-अ’ आणि ‘४-आ’. मग आकडा कसाही मोजता येतो. उलट, मराठी कंपनीचा चित्रपट म्हणून मराठी आवृत्ती गृहीत धरू नका. ‘अमर ज्योती’ (१९३६) प्रभात फिल्म कंपनीचा, पण हिंदी.

पहिला चित्रपट म्हणून ‘अयोध्येचा राजा’ लिहिण्याचा मोह टाळा. त्याआधी १९३१ मध्ये मोहन भवनानींच्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांची छोटी भूमिका आहे. गाजलेल्या भूमिकेलाच पदार्पण म्हणण्याची ही सवय प्रत्येक अभिनेत्रीच्या सूचीत भेटते.

स्थळाचा रकानाही तपासा. प्रभात १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्यात आली. त्यामुळे ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘माया मच्छिंद्र’पुढे कोल्हापूर, ‘अमर ज्योती’पुढे पुणे. ‘सीता’ (१९३४) कोलकात्याच्या ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा, दिग्दर्शक देबकी बोस. त्यासाठी मराठी वर्तमानपत्रे पुरणार नाहीत, तिकडची चाळावी लागतील.

वर्षासाठी दोन रकाने करा, सेन्सॉर आणि प्रदर्शन. डिसेंबरात प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट जानेवारीत लागतो आणि दोन सूच्यांत दोन वर्षे दिसतात. प्रमाणपत्रावर लांबी फुटांत असेल तर ९० ने भागा. ३५ मिमीचा बोलपट मिनिटाला ९० फूट धावतो, म्हणजे १३,५०० फुटांचे १५० मिनिटे. तुम्ही पाहिलेली प्रत त्याहून बरीच छोटी निघाली, तर अभिनेत्रीचे प्रसंगही कापले गेलेले असू शकतात. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मधल्या दुर्गाबाईंच्या जोधाबाईबद्दल लिहिताना म्हणूनच मूळ प्रत बघा. २००४ ची रंगीत आवृत्ती कापून छोटी केलेली आहे.

पुरस्कारांना हाच नियम. ‘बिदाई’ १९७४ चा, त्यासाठीचा फिल्मफेअर १९७५ च्या सोहळ्यातला. दादासाहेब फाळके पुरस्कार १९८३ चा, प्रदान पुढच्या वर्षी. दोन्ही वर्षे लिहा.

कागद हाताळताना

हस्तपत्रिका आणि छायाचित्रांना चिकटपट्टी, स्टेपल, प्लास्टिकचे लॅमिनेशन यांतले काहीही लावू नका. चिकटपट्टीचा गोंद पिवळा होऊन कागदात मुरतो, तो पुढे निघत नाही. छायाचित्रामागे लिहायचे तर मऊ शिसपेनने, कडेला, हलक्या हाताने. स्कॅन ६०० डीपीआयला करा आणि मागची बाजूही घ्या, कारण स्टुडिओचा शिक्का आणि क्रमांक तिथेच असतात.

जुन्या सहकलाकारांशी बोलायला जाताना कागद बरोबर न्या. ‘कोणत्या वर्षी?’ असे विचारले की माणूस भिडेखातर वर्ष सांगून टाकतो. ‘कोणत्या थिएटरात? पेटीवर कोण होते? दौऱ्यावर गाडीत कोण कोण होते?’ असे विचारा, वर्ष नंतर कागदांवरून काढता येते. आत्मचरित्रही असेच वाचावे. भूमिका का घेतली, कशी बसवली, हे त्यातून घ्या. तारीख मात्र त्या दिवसाच्या कागदावरून.

ज्या नोंदीला त्या काळचा एकही कागद मिळत नाही, ती मुख्य सूचीत घालू नका आणि फेकूही नका. वेगळ्या पानावर ठेवा. तिच्यापुढे कोणत्या वर्तमानपत्राचे कोणत्या महिन्यांचे अंक पाहून झाले आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात काय मागवून पाहिले, ते लिहा. पुढचा माणूस तेच अंक पुन्हा उलटणार नाही.