साताऱ्याचा पिनकोड फोडायचा कसा? मोठ्या संख्येचे मूळ अवयव

सांगलीचा पिनकोड ४१६४१६, साताऱ्याचा ४१५००१. स्कॉलरशिपच्या मुलांना मी दरवर्षी हे दोन्ही फोडायला देतो. सांगली दोन मिनिटांत सुटते, साताऱ्यापाशी पानंच्या पानं भरतात.

२, ३, ५ च्या कसोट्या आधी उरका.

७, ११, १३ साठी तीन वेगळ्या कसोट्या पाठ करायला लावणं मला मुळीच पटत नाही. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून एकच वजाबाकी करा. सांगलीचं ४१६ − ४१६ = ०, म्हणजे तिघांनीही भाग जातो. उत्तर २⁵ × ७ × ११ × १३². साताऱ्याचं ४१५ − १ = ४१४. याला तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही.

आता खरी अडचण. ‘मूळ संख्यांनी ओळीने भागत राहा’ असं सगळे सांगतात. साताऱ्याच्या संख्येचं वर्गमूळ ६४४ च्या किंचित वर आहे, आणि तिथपर्यंत ११७ मूळ संख्या आहेत! मीही एकदा १७ पासून सुरुवात केली होती. मध्येच एक भागाकार चुकल्याची शंका आली आणि सगळं पुन्हा करावं लागलं.

त्याऐवजी ही संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडा. गणिती नारायण पंडितांनी १३५६ च्या ‘गणितकौमुदी’ या ग्रंथात ही वाट दाखवली आहे, फ्रेंच गणिती फर्माने ती पुढे सतराव्या शतकात वापरली. वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या: ६४५. तिचा वर्ग ४१६०२५. त्यातून ४१५००१ गेले, उरले १०२४, म्हणजे ३२ चा वर्ग. म्हणून अवयव ६४५ − ३२ आणि ६४५ + ३२, अर्थात ६१३ × ६७७.

इथे दोन चुका हमखास होतात, पहिली माझ्याकडूनही झाली आहे. ६४५ ऐवजी ६४४ घेतलंत तर वर्ग संख्येपेक्षा लहान येतो आणि उरलेल्या २६५ चा काही उपयोग नसतो. वरचीच संख्या घ्या. दुसरी चूक म्हणजे सम संख्येवर ही रीत चालवणं. २ चे सगळे अवयव आधी बाहेर काढा.

पहिल्याच पायरीत पूर्ण वर्ग मिळेल असं नाही. मिळाला नाही तर पुढच्या संख्येचा वर्ग नव्याने काढत बसू नका. ६४५ वरून ६४६ वर जाताना बाकीत १२९१ मिळवा, मग १२९३, मग १२९५. बाकी २, ३, ७ किंवा ८ ने संपली तर ती पूर्ण वर्ग नाहीच, पुढे चला. दहा पायऱ्यांत काही हाती लागलं नाही तर थांबा. अवयव एकमेकांपासून लांब असले की ही रीत रेंगाळते. पण ते कष्टही वाया जात नाहीत: अशा आकाराच्या संख्येत तेवढ्या पायऱ्यांनी ५४२ ते ६४४ मधले सगळे भाजक बाद होतात. लहान मूळ संख्यांनी भागायला मग खुशाल बसा.

शेवटी ६१३ आणि ६७७ मूळ आहेत का ते बघा. दोघांचीही वर्गमूळं २७ च्या आत आहेत. २ ते १३ पैकी कशानेच ४१५००१ ला भाग गेला नाही, म्हणून यांनाही जाणार नाही. फक्त १७, १९ आणि २३ तपासा.