मुलांच्या खेळाची प्रथमोपचार पेटी भरताना

सुरुवात पाण्याच्या बाटलीपासून करा, जरी ती पेटीत मावत नसली तरी. मैदानावर सगळ्यात जास्त काय होतं, तर गुडघा नाहीतर कोपर खरचटतं, आणि त्यावरचा खरा उपचार म्हणजे माती-खडे निघेपर्यंत स्वच्छ पाण्याची धार. त्यासाठी लिटरभर पिण्याच्या पाण्याची सीलबंद बाटली पेटीला बांधून ठेवायची आणि तिच्यावर ‘जखमेसाठी’ असं ठळक लिहायचं. लिहिलं नाही तर मध्यंतरात ती कोणीतरी पिऊन टाकतं, हे अनुभवाने सांगते.

धुतल्यावर टिपायला निर्जंतुक गॉझच्या चौकोनी घड्या हव्यात, एकेक वेगळ्या पाकिटात असलेल्या. कापूस पेटीत नकोच. त्याचे तंतू ओल्या जखमेला चिकटतात आणि नंतर ते काढताना मूल पडताना रडलं नसेल तेवढं रडतं. हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटलीही काढून ठेवा. तो फेस बघून आपल्याला समाधान वाटतं, पण त्याने भरून येणाऱ्या पेशींनाही इजा होते. चिकटपट्ट्या मात्र सढळ हाताने भरा: बोटांसाठी लहान, गुडघ्यासाठी रुंद, आणि घामाने त्या सुटतातच म्हणून वरून लावायला कागदी टेपचं एक रीळ. रुतलेला काटा किंवा खडा काढायला चिमटा, कपडा किंवा बँडेज कापायला बोथट टोकाची कात्री.

रक्त जास्त वाहत असेल तर जाड गॉझ ठेवून दाबून धरायचं, दहा मिनिटं, मध्ये उचलून न बघता. हे ‘न बघता’ फार कठीण जातं. गॉझ भिजला तर त्याच्यावरच दुसरा ठेवायचा. घोळणा फुटला तरी तोच नियम: मुलाला बसवून पुढे वाकवायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायचा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगायचं. मान मागे करायची आपली जुनी सवय मोडायला हवी, कारण मग रक्त घशात उतरतं आणि मूल ओकतं. या कामासाठी हातमोज्यांच्या चार-पाच जोड्या लागतील. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असणारी मुलं असतात, म्हणून नायट्राइलचे घ्या.

आता सूज आणि मुका मार. मुठीने दाबून फोडायच्या थंड पिशव्या सोयीच्या असतात, पण त्या एकदाच चालतात. बर्फाचा थर्मास नेता आला तर उत्तम. दोन्हीपैकी काहीही कातडीला थेट लावायचं नाही. मध्ये पातळ कापड, आणि एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. त्यासाठी दोन जुने रुमाल पेटीत टाका. क्रेप बँडेज दोन रुंदीची ठेवावीत, साडेसात आणि दहा सेंटिमीटर. गुंडाळून झालं की बोटाचं नख दाबून सोडायचं. दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही तर बँडेज घट्ट झालंय.

इथे मोठ्यांचा अनुभव मुलांना लावू नये. आपला घोटा मुरगळला की बहुधा अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी जोडणारा पट्टा, ताणला गेलेला असतो. वाढत्या वयात मात्र हाडाच्या टोकाजवळची वाढीची कूर्चा त्या अस्थिबंधापेक्षा नाजूक असते, त्यामुळे आपण ‘लचकलाय’ म्हणतो तिथे हाडच दुखावलेलं असू शकतं. पायावर भार देता येत नसेल किंवा हाडावर बोट ठेवताच मूल दचकत असेल तर चोळायचं नाही, मलम नाही, खेचून ‘बसवणं’ तर अजिबात नाही. आहे त्या स्थितीत आधार देऊन एक्स-रेला न्यायचं. हात गळ्यात बांधायला दोन त्रिकोणी बँडेज आणि चार सेफ्टी पिना याचसाठी. वेदनाशामक मलमांच्या ट्यूब मी केव्हाच काढून टाकल्या.

झाकणाची एक छोटी स्वच्छ डबी ठेवा. कायमचा दात मुळासकट पडला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मूळ घासायचं नाही, आणि हिरडीत परत बसवता आला नाही तर डबीत दुधात बुडवून लगेच दंतवैद्याकडे न्यायचा. दूध मिळालं नाही तर मुलाचीच लाळ. पहिल्या तासातली मिनिटं मोलाची असतात. पडलेला दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

औषधं अगदी थोडी. पॅरासिटामॉल ठेवलं तर मात्रा वजनावर ठरते आणि पालकांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. अ‍ॅस्पिरिन पेटीत नकोच, मुलांमध्ये त्याचा राय सिंड्रोम या मेंदू आणि यकृताच्या दुर्मीळ पण गंभीर आजाराशी संबंध आहे. दमा असलेल्या मुलाचा इनहेलर आणि गंभीर अ‍ॅलर्जी असलेल्याचं इंजेक्शन नावानिशी वरच्या कप्प्यात हवं, त्याच्या घरी राहिलेलं उपयोगाचं नाही.

डोक्याच्या माराला पेटीत औषध नाही, म्हणून धोक्याच्या लक्षणांचा एक कागद पेटीत ठेवा. वाढती डोकेदुखी, उलटी, गोंधळ, गुंगी, तोच तोच प्रश्न, चालताना झोक जाणं. यातलं काहीही दिसलं किंवा नुसती शंका आली तरी त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरांना दाखवायचं. बेशुद्धी, झटका (फिट) किंवा वारंवार उलटी असेल तर थेट रुग्णवाहिका. मार किती वाजता लागला ते लिहायला पेन हवंच, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. त्याच कागदाच्या मागे प्रत्येक मुलाच्या पालकांचे फोन, अ‍ॅलर्जी आणि धनुर्वाताच्या शेवटच्या लसीची तारीख.

पेटीला कुलूप लावू नका, आणि उन्हात तापलेल्या गाडीत आठवडाभर ठेवू नका, चिकटपट्ट्यांचा डिंक सुटतो. झाकणाच्या आत वस्तूंची यादी लावा. सामना संपला की जे वापरलं त्यावर खूण करून त्याच संध्याकाळी भरायचं, कारण पुढच्या रविवारी सकाळी आठवत नाही.