उशीर होतोय? अंदाज मनावर सोडू नका

मन खुशीत असलं की घरातली दहा मिनिटं कधी उडाली कळत नाही. उलट उशिराच्या घालमेलीत रिक्षा सिग्नलला थांबली की एक मिनिटही संपता संपत नाही. दोन्ही वेळा अंदाज चुकतो. मुंबईत लोकल गाठणाऱ्यांनी एवढं करावं:

१. घराच्या दारापासून फलाटापर्यंतचा वेळ एकदा घड्याळ लावून मोजा. तिकिटाची रांग आणि पुलाचा जिना धरून. जिना बहुतेक जण विसरतात.

२. ८.४२ ची लोकल असेल तर गजर चपला पायात घालायच्या वेळेचा लावा.

३. उशीर झालाच, तर एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळा दाखवणाऱ्या ॲपवर पुढची गाडी एकदाच बघा. वाट पाहणाऱ्याला "पाच मिनिटांत आलोच" म्हणू नका, "९.३५ ला पोचतो" असं कळवा. हे सांगून टाकलं की जीव खरंच भांड्यात पडतो, आणि समोरचा माणूसही दर दोन मिनिटांनी फोन करत नाही.

रविवारी निघण्यापूर्वी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद) आहे का ते बघा. आणि कितीही उशीर झाला तरी रूळ ओलांडू नका, सुटलेल्या गाडीमागे धावू नका.