सोसायटीचं कंपोस्ट पावसाळ्यात का सडतं? या चुका टाळा

पुणे, ठाणे, नाशिक, कुठेही पाहा, सोसायटीचा खतप्रकल्प बंद पडतो तो बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये. वास सुटतो, माश्या होतात, तळमजल्यावरचे रहिवासी तक्रार करतात. पुढच्या कमिटी मीटिंगनंतर हौदावर झाकण पडतं आणि ओला कचरा पुन्हा महापालिकेच्या गाडीत जाऊ लागतो. दोष पावसाला दिला जातो. खरी चूक मात्र चार-पाच महिने आधीच झालेली असते: फेब्रुवारी-मार्चमध्ये आवारात पडलेली सुकी पानं जाळून टाकलेली असतात, नाहीतर पोत्यात भरून बाहेर दिलेली असतात.

पानं घालवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक

कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण 25 ते 30 भाग कर्बाला (कार्बन) 1 भाग नत्र (नायट्रोजन) असं मिश्रण मानवतं. भाजीची देठं, सालं आणि उरलेलं अन्न यांत नत्र आणि पाणी भरपूर, कर्ब कमी. सुक्या पानांत नेमकं उलट. दोन्ही एकत्र आले की ढीग तापतो आणि नीट कुजतो. पानांचं दुसरं काम त्याहून मोलाचं आहे, ती ढिगात हवेला वाट ठेवतात. पानं नसली की ओला कचरा स्वतःच्याच वजनाने दबतो, पाणी तळाशी साचतं, हवा संपते आणि हवेविना जगणारे जिवाणू कामाला लागतात. तो कुजका वास त्यांचा. नीट चाललेल्या हौदाला पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा मातीचा वास येतो.

आता हिशेब करू. पन्नास फ्लॅटच्या सोसायटीत रोज साधारण 25 ते 30 किलो ओला कचरा निघतो, म्हणजे चार बादल्या. एका बादलीला किमान एक बादली सुकी पानं लागतात, कलिंगड-आंब्याच्या दिवसांत दीड ते दोन. जून ते सप्टेंबर पानं फारशी गळत नाहीत आणि गळली तरी भिजलेली असतात. म्हणजे फक्त पावसाळ्यासाठी साठ-सत्तर पोती सुकी पानं हाताशी हवीत. ती शिशिरातच जमतात. बदाम, पिंपळ, वड, रेन ट्री, जे आवारात असेल ते चालतं. मोठी जाड पानं आधी चुरून घ्या किंवा श्रेडरमधून काढा, जागाही कमी लागते. पोती पार्किंगच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवा, पण मीटर रूम, जनरेटर आणि वाहनांच्या रांगेपासून लांब, कारण सुकी पानं झटकन पेट घेतात.

आवारात झाडं कमी असतील तर शेजारच्या सोसायटीकडे मागा. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ या नागरिकांच्या उपक्रमाने हेच केलं: ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत आणि ज्यांना हवी आहेत, त्यांची गाठ घालून दिली. पानं जाळण्याचं समर्थन तर कुठल्याच बाजूने होत नाही. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा उघड्यावर जाळायला मनाई केली, आणि तो धूर सर्वांत आधी जातो तो झाडणाऱ्या माणसाच्या छातीत.

पानं अगदीच नाहीत तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) किंवा लाकडाचा भुसा चालतो. भुसा प्लायवूड-एमडीएफचा नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात.

वास आला की फिनेल ओतणं

फिनेल, ब्लीचिंग पावडर, कीटकनाशक यांतलं काहीही हौदात गेलं की काम करणारे जिवाणू मरतात आणि सडणं वाढतं. औषध शोधण्याआधी मूठ करून बघा. हातमोजा घालून हौदाच्या मधल्या थरातला मूठभर माल घ्या आणि दाबा. बोटांच्या फटीतून पाणी ठिबकलं तर ओलावा जास्त आहे. गोळा झाला आणि बोट लावताच सुटला तर उत्तम. गोळाच झाला नाही तर पाणी शिंपडा, कारण कोरडा ढीग कुजत नाही, महिनोन्महिने तसाच पडून राहतो.

ओलावा जास्त असेल तर दोन दिवस नवा कचरा दुसऱ्या हौदात टाका, हा हौद फावड्याने तळापासून उलटा आणि प्रत्येक घमेल्यामागे एक घमेलं सुकी पानं मिसळा. वरून चार बोटं जाडीचा पानांचा किंवा तयार खताचा थर द्या. वास दोन-तीन दिवसांत उतरतो. वास नाकात झोंबणारा, अमोनियासारखा असेल तर नत्र जास्त झालंय. उपाय तोच: पानं.

बारीक माश्या वरचा थर उघडा राहिल्यामुळे येतात. राखाडी-तपकिरी, जाडसर, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की मात्र लोक घाबरून हौदच रिकामा करतात. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या असतात. चावत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात. त्यांची संख्या वाढणं हे ओलावा जास्त असल्याचं लक्षण आहे, तेवढं समजून घेतलं की पुरे.

मशीन घेतलं म्हणजे सुटलो असं समजणं

‘चोवीस तासांत खत’ सांगणारी बरीच यंत्रं कचरा तापवून वाळवतात आणि बारीक करतात. बाहेर येते ती तपकिरी भुकटी. दिसायला खतासारखी, पण कुजण्याची क्रिया अजून व्हायचीच असते. ती कुंडीत टाकून पाणी घातलं की पुन्हा सडते, बुरशी धरते आणि मुळांना इजा होते. ती पानांत मिसळून, ओलावा ठेवून, किमान तीन-चार आठवडे मुरवायला हवी. मशीन घेण्याआधी वीजबिल, देखभालीचा करार आणि मुरवायची जागा या तीन गोष्टी सर्वसाधारण सभेत विचारा. बऱ्याच सोसायट्यांना जाळीच्या भिंतींचे दोन-तीन हौद आणि वर पत्रा, एवढ्यावर भागतं.

‘विघटनशील’ पिशवीवर विश्वास ठेवणं

अशा बहुतेक पिशव्या मोठ्या प्रकल्पातल्या सलग उष्णतेत कुजतील अशा बनवलेल्या असतात. आपल्या हौदात त्या तशाच राहतात आणि चाळणीत अडकतात. ओला कचरा थेट डब्यातून रिकामा करा. निर्माल्यातला दोरा, जरी आणि चमकी आधी काढा. करवंट्या आणि हाडं वेगळी ठेवा.

सुक्या कचऱ्यात सगळंच ढकलणं

सुका डबा म्हणजे ‘बाकी सगळं’ नव्हे. तेलकट पिझ्झा बॉक्स, भाजीच्या रसाने भिजलेला कागद आणि न धुतलेला दह्याचा डबा एकत्र पडले की चांगल्या पुठ्ठ्याचाही भाव जातो. दुधाच्या पिशवीला भंगारात किंमत आहे. ती कापताना कोपरा तोडून टाकू नका, चीर द्या, म्हणजे तुकडा वेगळा होऊन हरवत नाही. मग विसळून वाळत घाला. वेफर्सची चमकदार पाकिटं अनेक थरांची असतात आणि सहसा कुणी विकत घेत नाही, म्हणून ती कमी आणणं हाच मार्ग.

वापरलेले पॅड आणि डायपर कागदात घट्ट गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळे द्या. ही पद्धत पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या मोहिमेतून रुजली, आणि तिच्यामागचा विचार साधा आहे: पुडी उघडून बघायची वेळ त्या ताईंवर येऊ नये. फुटलेली काचही अशीच जाड कागदात गुंडाळा आणि वर ‘काच’ लिहा. विकाऊ भंगार सोसायटीने परस्पर विकू नये असं माझं ठाम मत आहे, कारण कचरावेचकांचं पोट त्यावरच चालतं.

घराघरातलं वर्गीकरण शक्य नाही, असं कुणी म्हणालं तर सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याचं उदाहरण द्या. त्या छोट्या शहराने वर्गीकरण नेटाने राबवलं, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला, प्लास्टिक रस्त्यांसाठी वापरलं आणि जुन्या कचरा डेपोच्या जागी लोक पाहायला जातात अशी जागा उभी केली.

सगळा भार एकाच माणसावर टाकणं

हौद सांभाळणारे मामा गावी गेले की आठवड्यात प्रकल्प कोलमडतो. दोघांना शिकवा. त्यांना बूट, हातमोजे, लांब दांड्याचं फावडं आणि या कामाचे वेगळे पैसे द्या. भिंतीवर एक वही टांगा: आज किती बादल्या आल्या, पानं किती घातली, कुठला हौद उलटला. कमिटीतल्या कुणीतरी आठवड्यातून एकदा ती वाचायची आणि मूठ दाबून बघायची.

कच्चं खत वाटणं

हौद भरून बंद केल्यावर दीड-दोन महिन्यांनी खत चाळा. मूठभर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर आंबूस वास आला तर ते अजून मुरू द्या. तयार खतही नुसतं कुंडीत भरू नका, तीन-चार भाग मातीत एक भाग मिसळा. चाळणीवर उरलेला जाडा माल पुढच्या हौदात तळाशी घाला, त्यातले जिवाणू विरजणाचं काम करतात आणि बाजारातल्या कल्चरचे, म्हणजे विकतच्या जिवाणूंच्या विरजणाचे, पैसे वाचतात.