बंद करायचा राहिलेला इंडिकेटर आणि माझा तिसरा बझर

जुनी मोटरसायकल चालवणाऱ्या माणसाला इंडिकेटर द्यायची सवय असते, बंद करायची नसते. निदान मला नाही. वळून झाल्यावर लक्ष क्लच, गिअर आणि पुढच्या खड्ड्याकडे जातं आणि मागचा दिवा मैलभर लुकलुकत राहतो. मीटरमधला हिरवा ठिपका उन्हात दिसत नाही. एकदा असाच डावा इंडिकेटर चालू ठेवून सरळ निघालो होतो. मी आता वळणारच, असं समजून डावीकडच्या गल्लीतून एक गाडी बिनदिक्कत पुढे आली. चूक त्या चालकाची नव्हती. त्याला माझ्या दिव्याने जे सांगितलं, त्यावर त्याने विश्वास ठेवला. त्याच संध्याकाळी, इंडिकेटर चालू आहे तोवर वाजत राहणारा बझर बसवायचं ठरवलं.

सोपं काम, असं वाटलं होतं. माझी गाडी १९७०च्या दशकातली, दोन सिलेंडरची टू-स्ट्रोक, १२ व्होल्टची. मीटरमध्ये इंडिकेटरचा एकच छोटा बल्ब, डाव्या-उजव्या दोघांसाठी. मी पिझो बझर (छोटा इलेक्ट्रॉनिक बझर) आणला आणि त्याच्या दोन वायरी त्या बल्बच्या दोन टोकांना जोडल्या. उजवीकडे वळताना मस्त वाजला, डावीकडे वळताना चकार शब्द नाही.

कारण समजून घ्यायला मला अर्धा दिवस लागला, तुमचा वाचवतो. एकच बल्ब असलेल्या गाड्यांत त्याचं एक टोक डाव्या इंडिकेटरच्या वायरला असतं, दुसरं उजव्या. डावीकडे करंट आला की तो या छोट्या बल्बातून जातो आणि बंद असलेल्या उजव्या बल्बांच्या फिलामेंटमधून अर्थ होतो, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, चासीला, जाऊन मिळतो. छोटा बल्ब साधारण ३.४ वॅटचा, म्हणजे पाव अँपिअरच्या जरा वर. तेवढ्याने २१ वॅटचं फिलामेंट पेटत नाही. उजवीकडे वळलं की सगळं उलट. बल्बला प्लस-मायनस कळत नाही, पिझो बझरला कळतं.

मग मी शहाणपणा केला. डावी आणि उजवी अशा दोन्ही वायरी बझरच्या प्लसला जोडल्या, मायनस अर्थला. आता बझर दोन्हीकडे वाजू लागला, पण चारही दिवे एकदम मिचकायला लागले. दोन बाजू मीच एकमेकींना जोडल्या होत्या.

उपाय दोन डायोडचा. १एन ४००७ हा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा साधा डायोड पुरतो, तो एक अँपिअर सहज झेलतो आणि बझरला लागतात जेमतेम २०-३० मिलीअँपिअर. एक डायोड डाव्या वायरवर, एक उजव्या वायरवर. पांढरा पट्टा असलेली दोन्ही टोकं एकत्र आणा, ती बझरच्या प्लसला. बझरचं मायनस अर्थला. डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून डाव्या बाजूचा करंट बझरपर्यंत येतो पण उजवीकडे घुसत नाही. प्रत्येक डायोडवर ०.७ व्होल्टच्या आसपास पडतात. बझर ३ ते २४ व्होल्टचा घेतला तर ६ व्होल्टच्या गाडीवरही तो कुरकुरत नाही.

जुन्या ब्रिटिश गाड्यांवाल्यांनी इथे थांबावं. ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंगच्या कितीतरी ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन पॉझिटिव्ह अर्थ आहेत, म्हणजे बॅटरीचा प्लस चासीला. तिथे वरचं सगळं उलटं करायचं. बझरचा प्लस अर्थला, आणि डायोड फिरवून पांढरा पट्टा इंडिकेटरच्या वायरकडे. बॅटरीचं कुठलं टोक चासीला गेलंय हे आधी डोळ्यांनी बघा, मीटरने तपासा, आणि मगच हात घाला.

वायर शोधायला रंग मदत करतात. होंडात सहसा केशरी डावी, फिकट निळी उजवी. यामाहात चॉकलेटी डावी, गडद हिरवी उजवी. सुझुकीत काळी डावी, पोपटी उजवी. कावासाकीत हिरवी डावी, करडी उजवी. ल्युकासमध्ये हिरवी-लाल डावी, हिरवी-पांढरी उजवी. पण चाळीस-पन्नास वर्षांत त्या गाडीवर किती जणांचे हात फिरलेत देवाला ठाऊक. माझ्या गाडीत उजव्या बाजूला एक तुकडा चक्क टेबल-फॅनच्या वायरचा निघाला. म्हणून टेस्ट लॅम्पचं एक टोक अर्थला, दुसरं संशयित वायरला, आणि इंडिकेटर चालू. दिवा तालात मिचकला तर तीच वायर.

ही जोडणी हेडलाईटच्या डूममध्ये, म्हणजे दिव्यामागच्या वाटीत करा. बहुतेक जुन्या गाड्यांत हँडलच्या स्विचच्या सगळ्या वायरी तिथेच भेटतात आणि बुलेट कनेक्टरने (एकात एक दाबून बसणाऱ्या गोल पिनांनी) जोडलेल्या असतात. मूळ वायर कापू नका. दोन तोंडांचा बुलेट कनेक्टर मधे घातला की काम होतं आणि उद्या काढलं तर गाडी होती तशी. डायोड जोडणीच्या शक्य तितके जवळ सोल्डर करा, वर स्लीव्ह चढवा, आणि दोन्ही डायोड एकत्र आल्यावर पुढच्या वायरमध्ये एक अँपिअरचा फ्यूज टाका. मूळ फ्यूज १५-२० अँपिअरचा असतो. तुमची केसासारखी वायर कुठे घासून अर्थ झाली तर तो उडायच्या आत ती वायरच पेटेल.

आता आवाज. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण माझे कान. वर्षानुवर्षं इअरप्लग न घालता गाडी चालवली आणि वरच्या पट्टीचे सूर गेले. पहिला बझर ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा होता. मी गॅरेजमध्ये बसून तो वाजत नाही म्हणून मीटर लावत होतो आणि सौ. आतून ओरडत होती, ‘अहो, ते किंकाळणारं काहीतरी बंद करा!’ तो पहिल्यापासून व्यवस्थित वाजत होता. तेव्हा विकत घेण्याआधी हेल्मेट घालून ऐका, आणि घरातलं दुसरं कोणी जवळ असू द्या. वाऱ्याचा घोंघाट मुख्यतः खालच्या पट्टीत असतो, त्यामुळे फार खर्जातला बझर वेग वाढला की त्यात बुडतो. मला शेवटी तिसरा, मधल्या पट्टीचा, दीड-दोन किलोहर्ट्झचा मानवला. सलग वाजणाराच घ्या. स्वतःच ‘टिक टिक’ करणारा घेतलात तर त्याचा ताल आणि फ्लॅशरचा (इंडिकेटर मिचकवणाऱ्या डबीचा) ताल यांची जुगलबंदी डोकं उठवते.

बसवायची जागा हँडलच्या खाली, तोंड स्वतःकडे. डूममध्ये कोंडला तर आवाज अर्धा होतो. भोक जरा खाली झुकतं ठेवा म्हणजे पाणी साचत नाही. फार मोठा वाटला तर भोकावर टेपचा तुकडा, त्याला सुईने छिद्र.

गाडीला मूळचाच जुना बझर असेल तर तो फेकू नका. तो विजेच्या घंटीसारखा चालतो. कॉइल पत्रा ओढते, पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडतात, पत्रा परत येतो, पॉइंट मिटतात. मुका झालेला बझर बहुधा पॉइंट काळे पडल्यामुळे मुका असतो. बारीक पॉलिश पेपरची पट्टी पॉइंटच्या मधून दोनदा ओढा, मग कोरा कागद ओढून भुकटी काढा आणि स्क्रू पाव फेरा इकडे-तिकडे करून आवाज लावा. तंबोरा जुळवल्यासारखं काम आहे, घाई केली की बेसूर.

एवढं करून तिसऱ्या दिवशी मी बझर काढायला निघालो होतो. सिग्नलला दीड मिनिट उभं राहायचं आणि ते पीं पीं चालूच, आजूबाजूचे वळून बघतात. वैताग देणारा बझर कोणीतरी एक दिवस उपटतोच, म्हणून त्याला उभ्या गाडीवर गप्प बसवणं हे मला बसवण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. पाच पायांचा साधा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच घ्या. बझरची अर्थची वायर सरळ चासीला न नेता रिलेच्या ३० नंबरच्या पायावर आणा आणि ८७ए वरून चासीला न्या. ८६ ला ब्रेकलाईटची वायर, ८५ अर्थ. ब्रेक दाबला की रिले खेचतो, ८७ए सुटतो, बझर गप्प. ब्रेक सोडून निघालात आणि इंडिकेटर चालूच राहिला तर पुन्हा वाजतो. ६ व्होल्टच्या गाडीला ६ व्होल्टचाच रिले लागेल. पॉझिटिव्ह अर्थवर बझरचा प्लस अर्थला जातो, म्हणून रिले त्याच वायरमध्ये येतो. आत डायोड असलेला रिले तिथे टाळा, उलटा लागला तर ब्रेक दाबताच शॉर्ट. आणि बझर कायमचाच गप्प झाला तर आधी मागचा ब्रेकलाईट बघा. माझा पायाचा ब्रेक स्विच अडकून दिवा सतत पेटलेला होता, ते मला बझरच्या मौनामुळे कळलं.

यामाहाने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात वेळ आणि अंतर मोजून आपोआप बंद होणारा इंडिकेटर दिला होता, १९७८च्या एक्सएस ११०० वर तो आहे. तुमच्याकडे तशी गाडी असेल आणि तो अजून चालत असेल तर हे सगळं वाचायची गरजच नव्हती.

इंडिकेटरला एलईडी बल्ब लावले असतील तर एक अडचण येते. मीटरमधल्या एकाच बल्बातून झिरपणारा करंट एलईडीला पुरतो आणि चारही दिवे मिचकतात. तेव्हा तो बल्बही जुन्या जागेवरून काढून आपल्या दोन डायोडच्या पुढे, बझरच्या शेजारी जोडा, दुसरं टोक अर्थला. फ्लॅशरही इलेक्ट्रॉनिक लागेल, कारण जुना थर्मल फ्लॅशर २१ वॅटच्या दोन बल्बांच्या साडेतीन अँपिअरवर तापतो आणि एलईडीच्या एवढ्याशा करंटवर थंडच राहतो.

जोडून झालं की इंजिन बंद ठेवून डावा, उजवा आणि दोन्हींबरोबर ब्रेक असं तपासा, मग इंजिन चालू करून पुन्हा. मिनिटाला ६० ते १२० ठोके ठीक. ताल मंदावला किंवा बझर सलग वाजू लागला तर थर्मल फ्लॅशरवर बहुधा एक बल्ब उडालेला असतो, किंवा इंडिकेटरच्या दांडीचा अर्थ गंजलेला. माझ्या गाडीवर मागचा डावा. तिथला रंग खरवडून स्टार वॉशर घातला, तेव्हा कुठे दोन्ही बाजू एका लयीत आल्या.