कुळागरातल्या (बागायतीतल्या) पंपाची केबल: या चुका टाळा

पहिला मोठा पाऊस पडला की गोव्यात बऱ्याच घरांचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) सारखा पडू लागतो. घरातलं वायरिंग ठीक असतं. गळती असते ती विहिरीच्या पंपाकडे किंवा फाटकावरच्या दिव्याकडे गेलेल्या लाइनीत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे घरात ओढायची साधी एकेरी वायर पीव्हीसी पाइपात घालून पुरणं. पाइपात पाणी शिरत नाही हा समज खोटा आहे. सांध्यांतून झिरपलेलं पाणी आत साचतं आणि ही वायर अख्खा पावसाळा पाण्यात पडून राहते. त्यासाठी ती बनवलेलीच नसते. जमिनीखाली आर्मर्ड केबलच हवी: आवरण पीव्हीसीचं असेल तर भारतीय मानक आयएस १५५४, एक्सएलपीईचं (एक प्रकारचं पॉलिथिन) असेल तर आयएस ७०९८. हा क्रमांक केबलच्या अंगावर छापलेला असतो, तो वाचूनच पैसे द्या. लोखंडी तारांचं किंवा पट्ट्यांचं आर्मर कुदळीपासून आणि उंदरांपासून वाचवतं, पण ते ग्लँड (केबलचं टोक पकडणारी धातूची जोडणी) लावून अर्थिंगला जोडलं नाही तर केबल फुटल्यावर तेच जिवंत होऊ शकतं. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

चर खोदताना खाली चिरा (जांभा दगड) लागतो, कामगार थकतो आणि केबल वीतभर खोलीवर पुरली जाते. पुढच्या वर्षी माडाला आळं करताना नेमका तिथेच घाव बसतो. किमान ७५ सेंटिमीटर खोली हवी. जांभ्याचे टोकदार तुकडे आवरणात रुततात, म्हणून खाली-वर वाळू, त्यावर विटा आणि वर धोक्याची पट्टी घाला. इथे कंजूषी करू नका.

जाडी निवडताना फक्त पंपाचे अॅम्पियर बघून चालत नाही, अंतरही मोजा. १.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरीतून ८० मीटरवर ७ अॅम्पियर नेले तर साडेतेरा व्होल्ट वाटेतच जातात. ४ चौरस मिमी घेतली तर पाचच्या आसपास. संध्याकाळी व्होल्टेज आधीच उतरलेलं असेल तर पंप नुसता गुरगुरतो, फिरत नाही आणि शेवटी वाइंडिंग जळतं.

भिंतीवरून उघड्यावर नेताना उन्हाला टिकणारं काळं आवरण बघा. साधी टेप गुंडाळून केलेला जॉइंट जमिनीत पुरू नका. जॉइंट टाळता येत नसेल तर त्यासाठीचं किट वापरा.

आरसीसीबी पडतोय म्हणून तो बायपास करणं जिवावर बेतू शकतं. मेन बंद करून बाहेरच्या लाइनीचा फेज आणि न्यूट्रल, दोन्ही सोडवायला सांगा. नुसता एमसीबी (त्या लाइनीचा फेज तोडणारा स्विच) पाडून भागत नाही, कारण न्यूट्रल जमिनीला लागला असला तरी आरसीसीबी पडतो. दोन्ही सोडवल्यावर तो टिकला तर दोष बाहेर आहे. मग दुसऱ्या टोकाला पंपही सोडवून केबल ५०० व्होल्टच्या मेगरने (आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) तपासा. रीडिंग एक मेगाओहमच्या खाली आलं तर ती लाइन बदला.